डग पीडरसन: राखीव क्वार्टरबॅक ते सुपर बोल जिंकणारा प्रशिक्षक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, पाहू लागलेली मराठी मंडळी डग पीडरसनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं लिहिलं नसेल तर जय-पराजयाचे आकडे नियमित हंगामातले समजावेत. तारखा अमेरिकेतल्या आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पीडरसन खेळाडू म्हणून कोण होता? नाव कधी ऐकल्याचं आठवत नाही.

न आठवणं साहजिक आहे. जन्म ३१ जानेवारी १९६८, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमचा. एनएफएलमधली त्याची बहुतेक वर्षं बाकावर गेली. पहिल्या चेंडूपासून क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून तो एकूण १७ सामने खेळला. त्यातले ३ जिंकले, १४ हरले. टचडाउनच्या, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेपार पोचवणाऱ्या, फेकी १२ आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेल्या फेकी, १९. एवढ्यावर त्याचं नाव कुणी काढलं नसतं. पुढे तो २०१६ ते २०२० फिलाडेल्फिया ईगल्सचा आणि २०२२ ते २०२४ जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि ईगल्सना त्यांचा पहिला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, त्याने जिंकून दिला.

२. क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक यांच्यात निर्णय कोण घेतं? क्रिकेटच्या कर्णधारासारखं आहे का?

नाही. मैदानात उतरल्यावर क्रिकेटचा कर्णधार बराचसा स्वतःच्या मर्जीचा मालक असतो. इथे प्रत्येक चाल साइडलाइनवरून येते. आधीची चाल संपली की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. प्रशिक्षक हातातल्या मोठ्या तक्त्यावरून चाल निवडतो आणि क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगतो. ज्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो त्याच्यावर मागे हिरवा ठिपका असतो. घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ आपोआप बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकच्या डोक्यावर: चाल बाकीच्या दहा जणांना सांगायची, बचावफळी कशी उभी आहे ते वाचायचं आणि गरज पडली तर जागच्या जागी चाल बदलायची.

प्रशिक्षकाने चाल सांगायला उशीर केला तर काय होतं, हे यावरून कळेल. क्वार्टरबॅकला बचाव वाचायला वेळच मिळत नाही, टाइमआउट फुकट जातो नाहीतर ५ यार्डांचा दंड बसतो. ज्याने ते हेल्मेट स्वतः घातलेलं असतं, त्याला ही घाई आतून माहीत असते.

३. त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द वर्षांच्या क्रमाने सांगाल का?

कॉलेज नॉर्थईस्ट लुइझियाना, म्हणजे आजचं लुइझियाना-मनरो विद्यापीठ. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, तेव्हा बारा फेऱ्या असत. बाराही फेऱ्यांत त्याला कुणी उचललं नाही. मायामी डॉल्फिन्सने करार केला, मग काढलं, मग पुन्हा घेतलं. मधल्या काळात तो वर्ल्ड लीग या दुसऱ्या स्पर्धेत खेळून आला.

१९९३ मध्ये मायामीचा डॅन मरीनो टाचेची शीर तुटून बाहेर गेला. १४ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात त्याचा बदली स्कॉट मिचेलही खांद्याच्या दुखापतीने बाहेर पडला आणि तिसऱ्या क्रमांकाचा पीडरसन आत आला. मायामीने १९–१४ असा सामना जिंकला. मायामीच्या डॉन शुलाचा प्रशिक्षक म्हणून तो ३२५ वा विजय, जॉर्ज हॅलासचा ३२४ चा विक्रम मोडणारा.

नंतर ग्रीन बे पॅकर्स. तिथे तो ब्रेट फार्वच्या मागे बसला. १९९६ च्या हंगामात तो तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता आणि पॅकर्सने सुपर बोल जिंकला, त्यामुळे विजेत्याची अंगठी मिळाली. किक मारणाऱ्यासाठी चेंडू धरून ठेवण्याचं कामही तो करायचा. १९९९ मध्ये ईगल्स (प्रश्न ४), २००० मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स आणि २००१ पासून पुन्हा फार्वच्या मागे ग्रीन बे. २००४ च्या हंगामात फार्वला दुखापत झाली म्हणून तो आत गेला आणि स्वतःच जायबंदी होऊन बसला. त्यानंतर तो खेळला नाही.

४. इतकी वाईट आकडेवारी असलेल्या माणसाला प्रशिक्षक कुणी केलं?

अँडी रीडने. पीडरसन ग्रीन बेमध्ये असताना रीड तिथे क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक होता. १९९९ मध्ये रीड ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर डोनोव्हन मॅकनॅबला घेतलं. पण नव्या पोराला लगेच आगीत ढकलायचं नव्हतं. रीडची पद्धत आधीच पाठ असलेला कुणीतरी मैदानावर हवा होता. म्हणून पीडरसनला आणलं. त्याने ९ सामने सुरू केले, २ जिंकले, ७ हरले, प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या आणि नोव्हेंबरात जागा मॅकनॅबला दिली.

आकड्यांत हे अपयशच दिसतं, पण त्याला ठेवलं होतं ते याच कामासाठी. दुसऱ्याची पद्धत आपल्या सहकाऱ्यांना समजावून सांगायची आणि आपली जागा घेणार असलेल्या मुलाला तयार करायचं, हे प्रशिक्षकाचंच काम आहे. पीडरसनने ते पगारी खेळाडू असताना केलं. रीडने हे लक्षात ठेवलं. आमच्या मते त्याच्या पुढच्या कारकिर्दीतलं चांगलं-वाईट बरंचसं या बाकावरच्या वर्षांतून आलेलं आहे.

५. निवृत्त झाला की खेळाडू थेट मुख्य प्रशिक्षक होतो का?

हल्ली जवळजवळ कधीच नाही. पीडरसनच्या पायऱ्या अशा:

२००५ ते २००८: लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट इथल्या कॅल्व्हरी बॅप्टिस्ट शाळेच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक. शाळेतली पोरं, छोटं बजेट, पण सगळे निर्णय स्वतःचे.

२००९ आणि २०१०: ईगल्समध्ये आक्रमणाचा क्वालिटी कंट्रोल सहायक. नाव भारदस्त, काम कारकुनी. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांची चित्रफीत चालीगणिक कापायची. कितवा डाऊन (१० यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवे, कोणती मांडणी, बचावाने काय केलं, याची नोंद करायची. त्यावरून सरावासाठी चालींची कार्डं काढायची. एनएफएलमध्ये दहा-बारा वर्षं काढलेला माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसला, हे लक्षात घ्या. खूप माजी खेळाडू इथेच गळतात. हे काम त्यांना कमीपणाचं वाटतं.

२०११ आणि २०१२: ईगल्समध्ये क्वार्टरबॅकचा प्रशिक्षक.

२०१३ ते २०१५: रीडबरोबर कॅन्सस सिटी चीफ्समध्ये आक्रमणाचा समन्वयक. आदल्या वर्षी २–१४ अशी दैना झालेला हा संघ पहिल्याच हंगामात ११–५ वर गेला.

जानेवारी २०१६: ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक.

जुन्या काळी उडी मारता यायची. नॉर्म व्हॅन ब्रॉकलिनने १९६० मध्ये क्वार्टरबॅक म्हणून ईगल्सना विजेतेपद मिळवून दिलं आणि १९६१ मध्ये तो नव्या मिनेसोटा व्हायकिंग्जचा मुख्य प्रशिक्षक होता. त्या उडीचं काय झालं, ते प्रश्न ६ मध्ये.

६. मोठे क्वार्टरबॅक प्रशिक्षक म्हणून कमी यशस्वी का होतात?

नियम नाही, पण कल स्पष्ट आहे. व्हॅन ब्रॉकलिन आणि पहिले दोन सुपर बोल जिंकणारा बार्ट स्टार, दोघेही हॉल ऑफ फेममधले. प्रशिक्षक म्हणून दोघांचेही पराभव विजयांपेक्षा जास्त. उलट राखीव किंवा किरकोळ क्वार्टरबॅकांची यादी बघा. टॉम फ्लोरेस कॅन्सस सिटीत राखीव होता, प्रशिक्षक म्हणून त्याने रेडर्सना दोन सुपर बोल जिंकून दिले. गॅरी क्युबियाक डेन्व्हरमध्ये जॉन एल्वेच्या मागे बसून राहिला आणि प्रशिक्षक म्हणून सुपर बोल ५० जिंकला. शॉन पेटन १९८७ च्या संपात बदली खेळाडू म्हणून थोडासा खेळला, त्याने न्यू ऑर्लिन्सला विजेतं केलं.

कारण तसं साधं आहे. एल्वेला जी फेक सहज जमते ती कशी जमते, हे त्याला सांगता येईलच असं नाही. राखीव माणसाचा हात तेवढा बळकट नसतो, म्हणून त्याला चित्रफितीतून आणि मांडणीतून उत्तर शोधावं लागतं, आणि ते दुसऱ्याला शिकवता येतं. शिवाय आठवडाभर सरावात तो प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो, त्यामुळे दरवर्षी डझनभर परक्या पद्धती त्याच्या हाताखालून जातात.

अपवाद जिम हार्बो. तो अनेक वर्षं पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता. प्रशिक्षक म्हणून त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलं आणि २०२३ च्या हंगामात मिशिगन विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

७. ‘फिली स्पेशल’ म्हणजे नेमकं काय झालं?

सुपर बोल ५२, ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस. पहिला अर्ध संपायला ३८ सेकंद. ईगल्स १५–१२ ने पुढे, चेंडू न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या १ यार्ड रेषेवर, चौथा डाऊन. सगळे म्हणत होते फील्ड गोल (खांबांमधून किक) मारा, ३ गुण घ्या. टाइमआउटमध्ये क्वार्टरबॅक निक फोल्स साइडलाइनवर आला आणि त्यानेच ही चाल सुचवली. पीडरसनने क्षणभर तक्त्याकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

मग असं घडलं:

फोल्स नेहमीप्रमाणे चार-पाच यार्ड मागे उभा राहिला, मग ओळीतल्या खेळाडूंना काही सांगतोय असं दाखवत उजवीकडे पुढे चालत गेला आणि उजव्या टॅकलच्या (ओळीच्या टोकाजवळच्या खेळाडूच्या) मागे थांबला. त्याच्याकडे बघायचं बचावाने सोडून दिलं. चेंडू थेट धावपटू कोरी क्लेमेंटच्या हातात आला. तो डावीकडे पळाला. डावीकडून उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनकडे त्याने चेंडू टाकला. बर्टन कॉलेजात क्वार्टरबॅकही खेळलेला. एव्हाना फोल्स एक ठोका थांबून मोकळ्या कोपऱ्यात पोचला होता. बर्टनने फेकलं, फोल्सने झेललं, २२–१२.

एकाच सुपर बोलमध्ये टचडाउन फेकणारा आणि झेलणारा फोल्स हा पहिला क्वार्टरबॅक. त्याच सामन्यात आधी पेट्रियट्सनेही टॉम ब्रॅडीकडे अशीच फेक टाकली होती. ती त्याच्या हातातून सुटली.

८. पण क्वार्टरबॅकला चेंडू झेलता येतो का? हे नियमात बसतं?

बसतं, अटींसह. एनएफएलमध्ये सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, मागे चिकटून हातात चेंडू घेणारा क्वार्टरबॅक फेक झेलायला अपात्र असतो. मागे अंतर ठेवून उभा असलेला पात्र असतो. फोल्स मागे होता म्हणून चाल शक्य झाली.

दुसरी अट थांबण्याची. तो पुढे चालत गेला होता, त्यामुळे चेंडू सुटण्याआधी पूर्ण एक सेकंद स्थिर उभं राहणं भाग होतं. चेंडू सुटताना कुणी पुढे सरकत असेल तर दंड ५ यार्डांचा, म्हणजे १ यार्डाची चाल ६ यार्डांची. सरावात अशा चाली याच जागी फसतात: उत्साहात थांबणं राहून जातं. या चालीत कडेचा खेळाडू रेषेवर नीट उभा होता का, यावर नंतर वाद झाला. पंचांनी काही दिलं नाही, टचडाउन कायम राहिलं.

९. चौथ्या डाऊनला एवढा जुगार कशाला? नशीब होतं म्हणून चाललं ना?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. जुगार म्हणण्याआधी हिशेब करून बघा.

१ यार्डवरून फील्ड गोल म्हणजे जवळजवळ हमखास ३ गुण. टचडाउन आणि त्यानंतरची किक म्हणजे ७. तीन भागिले सात, सुमारे ४३ टक्के. म्हणजे टचडाउनची शक्यता ४३ टक्क्यांहून जास्त असेल तर प्रयत्न करणं फायद्याचं. १ यार्डवरून ती अर्ध्याहून जास्त असते. फसलं तरी प्रतिस्पर्ध्याला चेंडू त्याच्याच गोलच्या तोंडाशी मिळतो, आणि घड्याळात काही उरलेलं नव्हतं. दुसऱ्या अर्धाची सुरुवातीची किकही पेट्रियट्सच घेणार होते, म्हणजे मोठी आघाडी आत्ताच हवी होती.

त्याहून धाडसाचा निर्णय शेवटी आला आणि तो लोकांना कमी आठवतो. ५ मिनिटं ३९ सेकंद बाकी, ईगल्स ३२–३३ ने मागे, चेंडू स्वतःच्या ४५ यार्ड रेषेवर, चौथा डाऊन, १ यार्ड हवा. फसलं असतं तर ब्रॅडीला अर्ध्या मैदानात चेंडू. पण पंट करून, म्हणजे चेंडू किकने दूर प्रतिस्पर्ध्याकडे देऊन, तरी काय मिळणार होतं? दुसऱ्या अर्धात पेट्रियट्सने तीन वेळा चेंडू घेतला होता आणि तिन्ही वेळा टचडाउन केलं होतं. त्या रात्री त्यांनी एकदाही पंट केली नाही. त्यांना अडवू शकू या आशेवर बसण्यापेक्षा १ यार्ड मिळवणं सोपं होतं. फोल्सने झॅक अर्ट्झला छोटी फेक दिली, २ यार्ड मिळाले, आणि २:२१ उरले असताना अर्ट्झनेच ११ यार्डांवरून टचडाउन केलं. शेवट ४१–३३.

सामन्यादरम्यान एक विश्लेषक पीडरसनच्या कानात हेडसेटवरून असे हिशेब सांगत असे, आणि ते डाऊन येण्याआधीच. तिसऱ्या डाऊनच्या आत ठरलं असेल की चौथ्यालाही खेळायचं आहे, तर तिसऱ्याला धावण्याची चाल निवडता येते. आयत्या वेळी ठरवणारे प्रशिक्षक इथेच मार खातात. २०१७ च्या नियमित हंगामात ईगल्सनी चौथ्या डाऊनला २६ वेळा प्रयत्न केला, १७ वेळा यश आलं.

१०. मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला तरी संघ कसा टिकला?

कार्सन वेंट्झ १० डिसेंबर २०१७ ला लॉस एंजेलिसमध्ये गुडघ्याने गेला. त्याच्या जागी फोल्स आला, पण नियमित हंगामातले शेवटचे दोन सामने काही बरे नव्हते. शेवटच्या लढतीत तर डॅलसविरुद्ध ईगल्सना एकही गुण करता आला नाही. तेव्हा पीडरसन, समन्वयक फ्रँक राइक आणि सहकाऱ्यांनी फोल्सची जुनी चित्रफीत काढली. २०१३ मध्ये त्याने २७ टचडाउन आणि अवघी २ इंटरसेप्शन केली होती. तेव्हा त्याला काय आवडायचं, ते पुन्हा आणलं: धाव की फेक हे चेंडू हातात आल्यावर एका बचावपटूकडे बघून ठरवायच्या चाली, जलद वेग, कमी थांबणं. अंतिम फेरीआधीच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध ३८–७, आणि सुपर बोलमध्ये फोल्सचे ३७३ यार्ड.

राइकचं नाव इथे मुद्दाम घेतलं. तोही राखीव क्वार्टरबॅक. जानेवारी १९९३ मध्ये बफेलोला ३–३५ वरून ह्यूस्टनविरुद्ध ४१–३८ असा सामना त्यानेच जिंकून दिला होता. बदली खेळाडूला काय लागतं, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

११. विजेता प्रशिक्षक तीन वर्षांत कसा काढला गेला?

एका कारणाने नाही. सुपर बोलनंतर राइक इंडियानापोलिसचा मुख्य प्रशिक्षक झाला, क्वार्टरबॅक प्रशिक्षक जॉन डीफिलिपो मिनेसोटाला गेला. त्यांच्या जागा नीट भरल्याच नाहीत. २०१८ आणि २०१९ मध्ये ९–७, दोन्ही वेळा प्लेऑफ (नियमित हंगामानंतरची बाद फेरी). २०२० मध्ये ४–११–१. वेंट्झने १५ इंटरसेप्शन दिली, ५० वेळा तो चेंडूसकट पाडला गेला, शेवटी त्याला बसवून जेलन हर्ट्सला आणलं. ११ जानेवारी २०२१ ला पीडरसनची सुट्टी झाली. पुढची वाट कशी असावी यावर मालक जेफ्री लुरी आणि त्याचं एकमत राहिलं नव्हतं.

१२. तो वॉशिंग्टनविरुद्धचा सामना मुद्दाम हरला का?

३ जानेवारी २०२१, हंगामाचा शेवटचा सामना. ईगल्स आधीच बाद. वॉशिंग्टन जिंकलं तर गटविजेतेपद त्यांचं, हरलं तर न्यूयॉर्क जायंट्सचं. १४–१७ अशी स्थिती असताना तिसऱ्या क्वार्टरमध्ये पीडरसनने बरोबरीचा फील्ड गोल सोडून चौथ्या डाऊनला ४ यार्डवरून टचडाउनचा प्रयत्न केला, फसला. हा त्याच्या नेहमीच्या स्वभावाला धरूनच होता. वाद पेटला तो पुढच्या गोष्टीवरून: चौथ्या क्वार्टरमध्ये हर्ट्सला काढून नेट सडफेल्डला आणलं, त्याने चेंडू गमावला, १४–२० हार.

पीडरसनचं म्हणणं, सडफेल्डला संधी द्यायची आधीच ठरली होती. या पराभवाने ड्राफ्टमध्ये नववीऐवजी सहावी निवड मिळाली, हेही खरं. हेतू सिद्ध झालेला नाही. पण चुरस चालू असताना, दुसऱ्या संघाचं भवितव्य टांगलेलं असताना तो बदल करणं हा वाईट निर्णय होता, असं आम्हाला वाटतं. उत्तर न्यू जर्सीत राहणाऱ्या जायंट्सच्या मराठी चाहत्यांसमोर हा विषय जपून काढावा.

१३. जॅक्सनव्हिलमध्ये ०–२७ वरून सामना कसा फिरला?

१४ जानेवारी २०२३, लॉस एंजेलिस चार्जर्सविरुद्ध प्लेऑफ. ट्रेव्हर लॉरेन्सने पहिल्या अर्धात ४ इंटरसेप्शन दिली. पीडरसनने त्याला बसवलं नाही. नंतर त्याच्याच ४ टचडाउन फेकी आल्या.

यातली शिकण्यासारखी जागा वेगळीच आहे. चौथ्या टचडाउननंतर गुण २६–३०. चार्जर्सच्या जोई बोसाने रागात हेल्मेट आपटलं, दंड बसला, म्हणून जादा गुणांच्या प्रयत्नाचा चेंडू २ यार्डवरून १ यार्डवर आला. पीडरसनने किक सोडून दोन गुणांचा प्रयत्न केला. लॉरेन्सने चेंडू रेषेपार नेला, २८–३०. किक मारली असती तर २७–३०, आणि शेवटच्या फील्ड गोलने फक्त बरोबरी झाली असती. आता तोच फील्ड गोल विजयाचा ठरणार होता. शेवटच्या वाटचालीत चौथा डाऊन आणि १ यार्ड अशी वेळ आली तेव्हा ट्रॅव्हिस एटिएनने २५ यार्ड धाव काढली. रायली पॅटरसनचा ३६ यार्डांचा गोल, ३१–३०. हिशेबाचं तत्त्व प्रश्न ९ मधलंच.

१४. मग तिथूनही का काढलं?

पहिली दोन वर्षं ९–८. दुसऱ्या वर्षी तर ८–३ अशी सुरुवात होती, मग सहापैकी पाच हरले आणि प्लेऑफ हुकलं. लॉरेन्सच्या दुखापती होत्याच. चाली सांगण्याचं काम पीडरसनने सहायक प्रेस टेलरकडे सोपवलं होतं, त्यावरही टीका झाली. आम्हाला ती टीका पटते: त्याची सगळ्यात धारदार गोष्ट त्याने दुसऱ्याच्या हातात दिली. २०२४ मध्ये ४–१३, आणि ६ जानेवारी २०२५ ला हकालपट्टी.

१५. खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून सुपर बोल जिंकणारे किती?

चार: टॉम फ्लोरेस, माइक डिटका, टोनी डंजी आणि पीडरसन. यांतले क्वार्टरबॅक दोन, फ्लोरेस आणि पीडरसन, आणि ज्या संघातून अंगठी मिळाली तिथे दोघेही राखीव. सहायक प्रशिक्षक म्हणून जिंकलेले यात धरत नाहीत.

१६. एकूण आकडेवारी वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी का दिसते?

काही जण प्लेऑफ मिळवतात, काही जण नाही. ईगल्स: नियमित ४२–३७–१, प्लेऑफ ४–२. जॅग्वार्स: नियमित २२–२९, प्लेऑफ १–१. एकूण नियमित ६४–६६–१, प्लेऑफसह ६९–६९–१.

१७. २०१८ चं ते ईगल्सचं पहिलंच विजेतेपद का?

पहिला सुपर बोल, पहिलं विजेतेपद नाही. सुपर बोल सुरू होण्याआधी १९४८, १९४९ आणि १९६० मध्ये ईगल्स एनएफएल विजेते होते. १९६० चा क्वार्टरबॅक म्हणजे प्रश्न ५ मधला व्हॅन ब्रॉकलिन.

१८. हे सामने भारतातून कितीला बघायचे?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी १ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री १०:३० ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, तेव्हापासून ११:३०. सुपर बोल सोमवारी पहाटे ५ च्या सुमारास सुरू होतो आणि मध्यांतराचा कार्यक्रम धरून नऊच्या आसपास संपतो, म्हणजे ऑफिसला अर्धी रजा टाकलेली बरी.